गल्लीच्या चाव्या

आमच्या गल्लीत घराची चावी हरवली तर माणूस घाबरत नसे. तो शीळ घालत काकांच्या दारात यायचा. काका आतूनच विचारायचे, "या वेळी कुठं पाडलीस? भोक खिशाला आहे की डोक्याला?" आणि दाराशेजारच्या लाकडी फळीवरून नेमकी त्याच्या घराची चावी काढून त्याच्या हातावर ठेवायचे.

त्या फळीवर सगळ्या गल्लीच्या चाव्या होत्या. खिळ्यांवर नावं मात्र नव्हती. काका म्हणायचे, उद्या चोर आला तर त्याची सोय कशाला करून ठेवा? माझा अंदाज वेगळा आहे. नावं लिहिली असती तर चावी कुणालाही काढून देता आली असती, मग त्यात काकांची कमाल काय राहिली? रविवारी सकाळी ते व्हरांड्यात बसून जुन्या बनियनच्या तेलकट तुकड्याने एकेक चावी पुसायचे. इतर लोक निवृत्तीनंतर भिंतीवर मानपत्र लावतात. काकांच्या भिंतीवर फळी होती. "माणूस पैसे उसने देतो," ते मला सांगायचे, "बायको रागावली की तेही सांगतो. पण घराची चावी देत नाही. ही सगळ्यांनी दिलीय."

मी त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. तालुक्याच्या शाळेत शिकलो, आता छापखान्यात मजकूर तपासतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो. ही गल्ली अशा जागी आहे की शहरातल्यांना वाटतं इथं शहर संपलं, आणि माझ्यासारख्याला वाटतं इथूनच सुरू झालं. दोन्ही बाजूंना बैठी घरं, प्रत्येकाला हातभर अंगण, लोखंडी फाटक, गच्चीवर पाण्याची टाकी. बस वळणावर येऊन थांबते, कारण पुढे तिला जायला रस्ताच नाही.

काका त्याच बसच्या आगारात मेकॅनिक होते. बस वळणाआड असतानाच सांगायचे, "मागच्या चाकाचं बेअरिंग चाललंय." निवृत्त झाल्यावर बस सुटल्या, कान तसाच राहिला. मग तो कान गल्लीकडे वळला. कुणाचं फाटक कुरकुरतंय, कुणाचा पंखा घासतोय, कुणाचा नळ ठिबकतोय, सगळं काकांना घरबसल्या ऐकू यायचं आणि सहन व्हायचं नाही.

चाव्या आल्या त्या झाडांच्या निमित्ताने. कुणीतरी गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला म्हणून चावी दिली. परत येऊन बघतो तर कुंड्या टवटवीत, शिवाय न्हाणीघराचा नळ ठिबकायचा थांबलेला आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? पुढे लोक गावाला निघताना पाण्याचं नावही काढीनासे झाले, नुसती चावी देऊन डोळा मारायचे. बँकवाल्याच्या बायकोने तर विचारलं होतं, "काका, आमच्या ह्यांच्या घोरण्याचं काही होईल का?"

"नाही होणार," काका गंभीरपणे म्हणाले. "ते मूळ बनावटीतच आहे."

काकू मात्र या प्रकारावर फारशा खूश नव्हत्या. "पाणी घाला आणि या," त्या बजावायच्या. "उगाच कशाला हात लावू नका. लोकांचं घर आहे."

"अगं, पण स्वयंपाकघराचं दार कसलं कुरकुरतंय त्यांचं!"

आता दार काही आपणहून कुरकुरत नाही. कुरकुर ऐकायची तर दार उघडावं लागतं. ही साधी गोष्ट काकांच्या डोक्यात कधी आली नाही. ते कुठल्याही घरात पाहुण्यासारखे शिरायचे नाहीत. बस तपासायला चढावं तसे शिरायचे. एका खिशात तेलाची बुधली, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. आणि बस तपासायची म्हणजे सगळीच तपासायची.

मागच्या उन्हाळ्यात औषधवाला आणि त्याची नवी नवरी तिच्या माहेरी गेली. औषधवाला म्हणजे नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. काकांनी त्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं, आणि संध्याकाळी जिन्याखाली मला गाठून म्हणाले, "तिच्या कपाटाची बिजागरी पार कोरडी होती रे. हात पोचत नव्हता, म्हणून कपडे काढून पलंगावर ठेवले. काम झाल्यावर सगळ्यांच्या घड्या घालून परत ठेवले. तिच्यापेक्षा बऱ्या घातल्या."

"सगळे कपडे?" मी विचारलं.

"मग! अर्धे ठेवून कसं चालेल?"

ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाशी काकांना भेटली. "कपाट कसं, लोण्यासारखं उघडतंय ना?" काकांनी विचारलं. "हो," ती म्हणाली आणि तोंड आवळून निघून गेली. काकांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या डॉक्टरांना काकांच्या दातांची काळजी वाटू लागली. डॉक्टर दातांचे. दवाखाना बाजारात, घर आमच्या समोर. काकांचा आणि त्यांचा रोज संध्याकाळी व्हरांड्यात पत्त्यांचा डाव असायचा, आणि दोघंही इतकी उघड लबाडी करायचे की तिला लबाडी म्हणवत नाही. "तुझे दात बघवत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी दवाखान्यात ये. साफ करून देतो. फुकट."

"तू आणि फुकट?" काका म्हणाले. "आधी तुझीच तब्येत दाखव कुणाला तरी."

पण गेले. सकाळी गेलेले काका दुपारी परत आले, जबडा धरून. "माणूस प्रेमाने करतो म्हणून बोलवत नाही," ते म्हणाले, "पण एवढ्या वेळात मी इंजिन उतरवून परत बसवलं असतं." त्या दिवसापासून ते बोलताना जरा जास्तच हसायचे. दात खरोखर चमकत होते.

आणि मग गल्लीला एकाएकी बहिणी फुटल्या. बँकवाला गावाला निघाला, "काका, या वेळी राहू दे, माझी बहीण येणार आहे पाणी घालायला." औषधवाल्याचीही बहीण. शिवणकाम करणाऱ्या बाईंचीही. डॉक्टर तर एकुलते एक, त्यांनी मावसबहीण काढली. काका चाव्या पुसत म्हणायचे, "बरंय बाबा, लोकांची माणसं जवळ आली. पण त्या येतात कधी नि जातात कधी, मला फाटकाचा आवाज कसा येत नाही?" समोर डॉक्टर पत्ते पिसत बसलेले असायचे. ते म्हणायचे, "कान गेला तुझा आता."

काका खरंच धसकले. मला जिन्याच्या वरच्या पायरीवरून हळू आवाजात बोलायला लावायचे आणि ऐकू येतं का बघायचे.

अशा एका रविवारी सकाळी बँकवाल्याच्या घराच्या दाराखालून पाणी वाहायला लागलं. घरात कुणी नाही, कुटुंब चार दिवस बाहेरगावी. पाणी पायऱ्यांवरून उतरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर. शिवणवाल्या बाईंनी आधी पाहिलं. त्या ओरडल्या, सगळी गल्ली जमली, आणि सगळ्यात शेवटी काका आले, कारण ते चावी घ्यायला थांबले होते. एवढे आनंदात मी त्यांना क्वचितच पाहिलंय. लोकांना बाजूला सारत म्हणाले, "सरका, सरका. ओट्याखालची नळी फुटलीय. त्याला म्हटलं होतं मी, प्लास्टिकची लावू नकोस."

चावी आत गेली. फिरली मात्र नाही.

काकांनी ती काढली, शर्टाला पुसली, परत घातली. मग तेल सोडलं. माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली, शिशाची पूड चावीला चोळली. दार खांद्याने जरा उचलून धरलं. "ओलीने फुगलं असेल," ते म्हणाले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणीच काही बोलत नाहीये. एरवी आमच्या गल्लीत सायकल पंक्चर झाली तरी सल्ला द्यायला इतके लोक येतात की सायकल दिसत नाही. आज सगळे गप्प. औषधवाला आकाशात बघत होता. डॉक्टर स्वतःच्या चपलेकडे.

"मी चुकीची आणली वाटतं," काका म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असतील. घरी गेले आणि सगळ्याच चाव्या घेऊन आले. त्यातलीही तीच परत घातली, कारण ती तीच होती हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात डॉक्टरांनी फोन केला आणि बाजारातला कुलूपवाला स्कूटरवरून हजर झाला. डॉक्टरांकडे कुलूपवाल्याचा नंबर का असावा, असा प्रश्न मला पडला, पण पाणी वाहत होतं.

कुलूपवाला गप्पिष्ट. दारासमोर उकिडवा बसला आणि हसला. "अहो, हे तर मीच बसवलेलं. जुन्या चाव्या काय घालताय यात? त्या दिवशी तुमची सगळी गल्लीच उरकली की आम्ही. तीन कारागीर आणले होते. दुपारच्या आत संपवा म्हणून या डॉक्टरसाहेबांनी फोनवर फोन. म्हटलं, कुणाची वरात येणार आहे की काय?"

कुणी हसलं नाही. काका उभेच होते. त्यांनी जिभेने पुढचे दात चाचपले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग डॉक्टरांकडे पाहिलं.

कुलूप उघडलं. दार ढकलताच आतून पाण्याचा लोंढा आला. सगळे काकांकडे बघायला लागले, कारण पाणी बंद करायचा कॉक कुठं आहे ते आणखी कुणाला ठाऊक असणार? काका उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"ओट्याखाली, डाव्या हाताला," ते डॉक्टरांना म्हणाले. "उलटा फिरतो. जोर लावू नकोस, तुटेल."

डॉक्टर पँट वर करून आत गेले. जोर लावला, आणि तो तुटला. पण ती वेगळी गोष्ट.

काका मात्र चाव्या घेऊन शेजारच्या घराकडे निघाले होते. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. शिवणवाल्या बाईंच्या दारात चावी घालून पाहिली. आत गेली, फिरली नाही. ती त्यांनी तशीच कुलपात ठेवली आणि पुढच्या दाराशी गेले. "काका, ऐका तरी," बाई मागे मागे. "तसं काही नव्हतं हो मनात." औषधवाल्याचं दार. फिरली नाही. "काका, चहा घ्या ना," औषधवाला म्हणाला. या वेळी चहा सुचणारा माणूस दुकान कसं चालवतो देव जाणे. डॉक्टरांचं दार. तिथं काकांनी चावी जरा जास्त वेळ धरून ठेवली, कुलपाला एक संधी दिल्यासारखी. मग सोडली.

शेवटचं घर तोफेचं. तोफ म्हणजे गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या बाई. तोंड असं की पोस्टमनसुद्धा फाटकावरूनच पत्र फेकतो. कुंपणावरून आलेली वेल काकांनी न विचारता छाटली, तेव्हापासून काकांशी अबोला. चावी त्याआधीची, ती मागून घ्यायलाही बोलावं लागलं असतं. काकांनी ती घातली आणि फिरवली.

दार उघडलं. काका दचकले. आत बाई भाजी निवडत बसलेल्या.

"काय रे, दिवसाढवळ्या?" तोफ म्हणाली. "आणि मागे वरात कसली?"

"तुझं कुलूप जुनंच आहे."

"मग? कुलूप काय नासतं का?"

"बाकी सगळ्यांनी बदललीत," काका म्हणाले. मला वाटतं, त्या घटकेला त्यांना जगात एकच माणूस आपला वाटत होता. "तू नाही बदललंस."

तोफेने सगळ्या वरातीवरून नजर फिरवली. "मला सांगितलं कुणी? माझ्याशी बोलतंय कोण इथं?"

"सांगितलं असतं तर?"

तिने देठ मोडता मोडता विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही, हीच तिची अडचण आहे. "बदललं असतं," ती म्हणाली. "स्वस्तात होत असेल तर का नाही?" मग म्हणाली, "ती ठेव तुझ्याकडे. एकटी असते मी. पडले-झडले तर दार कोण उघडेल?"

"डॉक्टरला सांग," काका म्हणाले. "तो उघडेल. कुलूपवाल्याचा नंबर आहे त्याच्याकडे." आणि चावी तिच्या कुलपातही तशीच सोडून ते परत फिरले.

माझा जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून जातो. मी मुद्दाम थांबलो नाही, पण भरभर चढलोही नाही.

"तू तर दिवसभर घरात असतेस," काका म्हणत होते. "तीन कारागीर गल्लीभर ठोकत होते. तुला दिसले नाहीत?"

भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मीच सांगितलं त्यांना," काकू म्हणाल्या.

खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"ती पोरगी माझ्यापुढे रडत बसली होती," काकूंचा आवाज आला. "म्हणाली, काकू, माझे आतले कपडेसुद्धा त्यांनी घड्या घालून ठेवलेत. मी कुणाला काय सांगू? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, बाई, कुलूप बदलून टाक, फक्त ह्यांना कळू देऊ नकोस. तिने शिवणवालीला सांगितलं. मग प्रत्येकीला आपापलं कपाट आठवलं."

"माझ्या मनात तसलं काही होतं का?"

"नव्हतं. ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर कुणी तोंडावर बोललं नाही."

"मला सांगायचंस."

"किती वेळा सांगितलं? हात लावू नका म्हटलं की तुम्ही म्हणायचात, दार कुरकुरतंय."

"नीट सांगायचंस!" काका ओरडले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बाहेरच्यांनी केलं ते केलं. डॉक्टरने मला खुर्चीत आ करून बसवलं. आणि तू? मी त्या चाव्या पुसत बसायचो तेव्हा तू मला बनियनचा तुकडा आणून द्यायचीस!"

काकू हुंदका देत काहीतरी म्हणाल्या. मला ते ऐकू आलं नाही, आणि यायलाही नको होतं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला डॉक्टर आले. पत्त्यांचा जोड हातात आणि त्याच्यावर ठेवलेली एक नवी कोरी चावी. काका व्हरांड्यातच होते. फळीवर आता चाव्यांच्या जागी काकूंचे डाव, झारे आणि चहाची गाळणी लटकत होती. काकांनी दुपारभर बसून ती अडकवली होती, उंचीप्रमाणे.

"ही घे," डॉक्टर म्हणाले. "चूक झाली. तुला वाईट वाटू नये म्हणून केलं रे."

"मग जुनी परत का नाही मागितलीस?"

"मागितली असती तर तुला कळलं असतं."

"म्हणजे मी ती पुसत होतो आणि तू समोर बसून पत्ते पिसत होतास." काका म्हणाले. "आणि माझा कान गेला म्हणालास. मी या पोराला जिन्यात उभं करून कान तपासत होतो. हे वाईट वाटू नये म्हणून?"

डॉक्टर उभेच राहिले. चावी पुढे केलेला हात कधी खाली घ्यावा ते त्यांना कळेना.

"जागा नाही," काका फळीकडे बघत म्हणाले. "गाळणी कुठं ठेवू?"

डॉक्टर गेले. मग काका माझ्याकडे वळले. खिशातून माझ्या खोलीची चावी काढून पुढे धरली.

"काका, मी कुठं काय बदललंय?" मी म्हणालो. खरं सांगतो, मला लागलं. "मला तर काही माहीतही नव्हतं."

"म्हणूनच. बदलायच्या आधीच घे." ती त्यांनी माझ्या खिशात टाकली. "हरवलीस तर मला उठवू नकोस."

समोर डॉक्टरांचं फाटक लागलं. चांगलं लांबलचक कुरकुरलं. काकांची मान तिकडे वळली आणि हात खिशाकडे गेला, तेलाची बुधली असते त्या खिशाकडे. "वरची बिजागरी," ते स्वतःशीच म्हणाले. हात मात्र तसाच बाहेर आला, रिकामा.

ते आत गेले आणि दार लावून घेतलं. पाठोपाठ कडी सरकवल्याचा आवाज आला. त्या दाराला आतून कडी आहे हे मला तेव्हाच कळलं. कधी लावलीच नसल्यामुळे ती पार गंजली होती. अर्ध्यात अडकली, खरखरली, परत मागे गेली. काका आतून जोर लावत राहिले. गल्लीतल्या प्रत्येक कडीला त्यांनी कधी ना कधी तेल घातलं होतं, पण या एकीला घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

शेवटी ती बसली.